मुलांच्या भाषेतली पुस्तकं, सरकारच्या निधीतून: पहिल्यांदाच हे काम घेणाऱ्यांसाठी

‘क’च्या पानावर आम्ही वाघ काढला होता. मेळघाटातल्या कोरकू आदिवासींच्या भाषेत वाघाला ‘कुला’ म्हणतात. त्यामुळे तिथल्या अंगणवाडीच्या चित्रतक्त्यावर ‘क – कुला’ येणार हे आमच्या दृष्टीनं ठरलेलंच होतं. तपासणीहून मसुदा परत आला तेव्हा त्या शब्दाभोवती लाल वर्तुळ होतं आणि समासात लिहिलं होतं, ‘अशोभनीय. बदलावे.’ तपासणाऱ्या बाई मराठीच्या, अनुभवी. मराठीत कुला म्हणजे काय ते सांगायची गरज नाही. चूक आमचीच होती. सोबत कोरकू शब्दांची यादी जोडली नव्हती, आणि कोरकू न येणाऱ्या व्यक्तीकडून आम्ही कोरकू तपासून घेत होतो.

या एका वर्तुळात या कामाची सगळी गंमत आणि सगळी डोकेदुखी आहे. संस्थेत नवीन लागलेले समन्वयक, पहिल्यांदाच ‘साहित्य निर्मिती’च्या कार्यशाळेला बोलावलेले शिक्षक, चित्रकार, डीटीपी करणारी मुलं यांना दरवेळी तेच तेच तोंडी सांगून कंटाळा आला, म्हणून एकदा क्रमानं लिहून काढतो आहे.

१. पैसा कुठून येतोय ते आधी बघा

तीन ते सहा वयाची मुलं अंगणवाडीत असतात, म्हणजे विषय महिला व बालविकास विभागाचा. त्यापुढची मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत, म्हणजे शालेय शिक्षण विभाग. आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या. मूल तेच, पाडा तोच, पण फाइल तीन वेगवेगळ्या टेबलांवर फिरते. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये आलेला पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा तीन ते आठ वर्षं हा सलग टप्पा धरतो, हे कागदावर फार छान आहे. प्रत्यक्षात तुमचं साहित्य कोणत्या कागदाशी ताडून पाहिलं जाणार, हे पहिल्याच बैठकीत विचारून घ्या. अंगणवाडीसाठी असेल तर २०२४चा ‘आधारशिला’ अभ्यासक्रम समोर ठेवला जाण्याची शक्यता जास्त. पहिली-दुसरीसाठी असेल तर निपुण भारत या केंद्राच्या पायाभूत वाचन-गणित कार्यक्रमातल्या अध्ययन निष्पत्ती, म्हणजे मुलाला काय यायला हवं याची यादी. दोन्हींची शब्दावली वेगळी आहे. तपासणारा माणूस आपल्या ओळखीचे शब्द शोधत असतो, ते त्याला सापडले पाहिजेत.

‘मुलांच्या भाषेतच का?’ हा प्रश्न कोणीतरी विचारणारच. तेव्हा भावनिक होऊ नका, आधार दाखवा. संविधानाचं कलम ३५०-क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याबद्दल आहे. शिक्षण हक्क कायदा २००९च्या कलम २९(२)(च) मध्ये शक्य तिथवर माध्यम मातृभाषा असावं असं म्हटलंय. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातला परिच्छेद ४.११ही तेच सांगतो. या तीन ओळी प्रस्तावाच्या पहिल्या पानावर टाका आणि पुढे चला.

कार्यादेश, म्हणजे काम दिल्याचं सरकारी पत्र, हातात आला की चहा घेऊन बसा आणि प्रत्येक अट वाचा. तिथे सगळं ‘नग’ या शब्दात मोजलेलं असतं: गोष्टींची पुस्तकं इतके नग, तक्ते इतके नग. भाषा कोणती, स्वामित्व हक्क कोणाचा, तपासणी कोण करणार, तपासणीला किती दिवस आणि हप्ता कशाला जोडलेला, या पाच गोष्टी वेगळ्या कागदावर काढा. दुसरा हप्ता थेट छपाईनंतर असेल तर मधले सहा महिने गावातल्या लोकांना मानधन कुठून देणार, याचं उत्तर आजच शोधावं लागेल. ‘पहिला मसुदा सादर केल्यावर’ असा एक टप्पा घालून मिळतो का ते विचारा. बऱ्याचदा मिळतो, कारण अधिकाऱ्यालाही मार्चच्या आत काहीतरी खर्ची टाकायचं असतं.

अंदाजपत्रकात नवीन माणसं हमखास विसरतात त्या गोष्टी: गावचाचणीचा प्रवास, भाषा तपासणाऱ्यांचं मानधन, समितीसाठी मराठी भाषांतर, दुसरं प्रूफ. ‘स्थानिक लोकांचा सहभाग’ या शीर्षाखाली शून्य रुपये धरलेली अंदाजपत्रकं मी पाहिली आहेत. एखाद्या आजीनं तीन दिवस निंदणी बुडवून तुम्हाला गोष्टी सांगायच्या आणि तुम्ही तिला नाश्ता द्यायचा, हे बरोबर नाही.

२. भाषेचं नाव पक्कं करा

कार्यादेशात ‘भिली’ असा एक शब्द असतो. नंदुरबार जिल्ह्यात उतरा. नवापूरकडे मावची, अक्कलकुव्याकडे देहवाली, धडगाव-शहाद्याकडे पावरी. २०११च्या जनगणनेत भिली बोलणाऱ्यांचा आकडा १ कोटी ४ लाखांच्या वर आहे, पण मावची, पावरी, वागडी अशा कितीतरी मातृभाषा त्याच एका शीर्षाखाली गोळा केल्या आहेत. ‘भिली’त केलेलं एक पुस्तक तीन तालुक्यांत वाटलं तर निदान दोन तालुक्यांतल्या मुलांना ते परकंच वाटेल.

यावर उपाय साधा आहे. वीसेक शब्द आणि दहा छोटी वाक्यं घ्या. आई, पाणी, भूक, काल, उद्या, नको, इकडे ये, मी जातो, ती गेली, आम्ही दोघं खेळलो. पाच-सहा पाड्यांवर जाऊन फोनवर ध्वनिमुद्रण करा आणि एकाखाली एक ऐका. नामं बदलली तर फारसं बिघडत नाही, मुलं शेजारच्या गावचे शब्द ओळखतात. क्रियापदांची शेवटं आणि सर्वनामं बदलली तर मात्र भाषा वेगळी धरा, आणि तसं विभागाला लेखी कळवा. ‘भिली (पावरी), धडगाव तालुका’ असं मुखपृष्ठावर छापायला परवानगी घ्या. तोंडी सांगितलेलं पुढचे साहेब आले की संपतं.

आणखी एक लक्षात ठेवा. भिली मराठीच्या कुळातली आहे, त्यामुळे मराठी वाक्य उचलून शब्द बदलले तरी निदान काहीतरी उभं राहतं. कोरकू मुंडा कुळातली, झारखंडकडच्या संथाळी-मुंडारीची नातलग. गडचिरोलीची माडिया गोंडी द्राविड कुळातली. तिथे ही युक्ती सपशेल आपटते. कोरकूत दोघांसाठी वेगळं द्विवचन आहे. आमच्या एका गोष्टीत दोन मैत्रिणी नदीवर जातात. मूळ मजकूर मराठीत लिहिलेला, भाषांतर करणाऱ्या तरुणानं ‘त्या गेल्या’चं सरळ अनेकवचन केलं. वाचून दाखवताना एक सेविका मध्येच थांबली आणि पानावरच्या चित्रातल्या मुली मोजायला लागली. एक, दोन. मग आमच्याकडे पाहून विचारलं, ‘बाकीच्या कुठे आहेत?’

म्हणून मूळ मसुदा मराठीत लिहायचा नाही. मराठी नंतर.

३. कार्यशाळा कधी आणि कोणाला घेऊन

कॅलेंडर आधी बघा. मार्च-एप्रिल म्हणजे मोहाचे दिवस, सगळं घर पहाटे झाडाखाली असतं. दिवाळीनंतर सातपुड्यातून आणि मेळघाटातून बरीच कुटुंबं कामासाठी बाहेर पडतात ती होळीला परततात. जूनमध्ये पेरणी. पोळा ते दसरा हा त्यातल्या त्यात मोकळा काळ, तेव्हा कार्यशाळा धरा. निधी डिसेंबरात आला आणि विभागाला जानेवारीत कार्यशाळा हवी असेल तर घ्या, पण तिथे फक्त चित्रांचं काम करा. माणसं पाड्यावर नसताना भाषेचं काम करू नका.

दहा-बारा लोक पुरे. तीन सेविका, दोन शिक्षक, दोन म्हातारी माणसं, एखादा टायपिंग येणारा तरुण, आणि चित्रकार पहिल्या दिवसापासून खोलीत बसलेला. चित्रकाराला नंतर ‘स्क्रिप्ट’ पाठवायची ही शहरी सवय सोडा. आमच्या एका चित्रात मोहाच्या हिरव्यागार झाडाच्या फांदीवर चढून आई फुलं तोडत होती. मोह कोणी तोडत नाही हो. तो रात्रीतून आपोआप गळतो, पहाटे जमिनीवरून वेचायचा असतो, आणि त्या दिवसांत झाडाला पानं जवळपास नसतातच. चित्रकार गुणी होता, पण त्यानं मोह बघितलाच नव्हता. एका पहाटेची सहल झाली असती तर अकरा चित्रं पुन्हा काढावी लागली नसती.

सुरुवात ‘लोककथा सांगा’ अशी करू नका. लोककथा लांब असतात, त्यांत पुष्कळ मरणं आणि लग्नं असतात, आणि त्या सांगायला लोकांना सूर लागावा लागतो. ‘आज सकाळी उठल्यापासून काय केलंत?’ इथून सुरू करा. चार वर्षांच्या मुलाला ओळखीचं वाटेल असं सगळं त्यात येतं: शेळी सोडली, पाणी भरलं, भाऊ रडला, कोंबडी अंड्यावरून उठली. दुपारनंतर आज्या मोकळ्या होतात, मग लोककथा आपोआप येतात. ध्वनिमुद्रण करा, सांगणाऱ्याचं नाव, गाव आणि संमती लिहून घ्या. पुस्तकात त्यांचं नाव छापणार आहोत हेही सांगा. आणि मग खरोखर छापा.

पालघरच्या बोर्डीला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५मध्ये काम सुरू केलं आणि पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडला नेलं. तिथे शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हेच शैक्षणिक साहित्य होतं. आपण आज चार रंगांत छापतो आणि बिया विसरतो. प्रत्येक पुस्तकाबरोबर सेविकेसाठी एका ओळीचं ‘काय गोळा करून ठेवायचं’ लिहा. त्याला खर्च शून्य.

४. लिहायचं कसं, हे एका पानावर ठरवा

या भाषा महाराष्ट्रात बहुतेक देवनागरीत लिहिल्या जातात. गोंडीला स्वतःच्या लिप्या आहेत, गुंजाला आणि मसराम या दोन्ही युनिकोड या संगणकावरच्या सामायिक अक्षरप्रणालीतही आल्या आहेत, आणि लिपीबद्दल लोकांना अभिमान आहे. पण सेविकेला आणि मुलाला पुढे शाळेत देवनागरीच वाचायची आहे. हा निर्णय तुम्ही एकट्यानं घेऊ नका, समाजातल्या जाणत्यांना विचारा. मुखपृष्ठावर नाव दोन्ही लिप्यांत घेतलं तरी बराच राग शमतो.

खरा घोळ देवनागरीच्या आतच आहे. मराठी वाचणारा माणूस ‘चार’मधला च आणि ‘चारा’मधला च वेगवेगळा उच्चारतो, लिहितो मात्र एकच. ही दुहेरी सवय तो कोरकू किंवा पावरी वाचतानाही सोबत आणतो. म्हणून कोणता च, कोणता ज, हे शब्दयादीत सांगायला हवं. नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) वापरायचा की नाही, श्वास अडवून तोडलेला स्वर कसा दाखवायचा, ऱ्हस्व-दीर्घ पाळायचं का, याचा एक पानाचा तक्ता करा आणि तो सर्वांच्या भिंतीवर लावा. तज्ज्ञांची पुस्तकी चिन्हं टाळा. सेविकेला मोबाइलच्या कळपटावर उमटवता येत नाही ते चिन्ह पुस्तकात फार दिवस टिकत नाही.

आणि प्रूफवाचकांना सांभाळा! मराठी शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ, हा नियम त्यांच्या हाडीमाशी आहे. १९६२चे ते नियम मराठीसाठी आहेत. कोरकू शब्दाच्या शेवटी कानाला ऱ्हस्व ऐकू येत असेल तर तो ऱ्हस्वच राहिला पाहिजे. एका चांगल्या मनाच्या प्रूफवाचकानं एका रात्रीत आमची चोवीस पानं ‘शुद्ध’ करून दिली होती. परत मूळपदावर आणायला आठवडा गेला.

फॉन्टचं थोडक्यात: सुरुवातीपासून युनिकोडमध्ये टाइप करा. मुद्रक युनिकोड नसलेल्या जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्येच मागत असेल तर मुद्रक बदला किंवा त्याच्याकडून मिळालेलं प्रत्येक पान शब्दन् शब्द तपासा, कारण रूपांतरात रफार आणि जोडाक्षरं उडतात. मुक्ता, बालू हे मोफत फॉन्ट लहान मुलांसाठी चांगले आहेत. मराठी ल आणि श यांची रूपं नीट येतात का बघा. पाकळीचा ल आणि देठाचा श असावा असं शासनाच्या २०२२च्या वर्णमालेच्या निर्णयात आहे, आणि समितीत हे बघणारं कोणीतरी नक्की असतं.

५. पुस्तकाची बांधणी

अंगणवाडीत वेगवेगळ्या वयाची वीस-पंचवीस मुलं एका खोलीत. त्यांना प्रत्येकी एक छोटं पुस्तक देण्यापेक्षा सेविकेनं सगळ्यांना दिसेल असं धरून वाचायचं एक मोठं पुस्तक जास्त चालतं, असं माझं ठाम मत आहे. विभागाला मात्र नग जास्त दिसायला हवे असतात. तडजोड म्हणून दोन्ही द्या: प्रत्येक गोष्टीचं एक मोठं आणि चार छोटी.

पानं चारच्या पटीत ठेवा, पिना मधोमध येतात. मुखपृष्ठ सोडून बारा पानं पुरेत. तीन-चार वर्षांच्यांसाठी पानाला एक वाक्य, पाच-सहाला दोन ते तीन. एक वाक्य पुन्हा पुन्हा येऊ द्या. मुलं तिसऱ्या पानापासून ते स्वतःच म्हणायला लागतात आणि सेविकेचा आवाज त्यात बुडून जातो, तोच खरा वाचनाचा तास.

मराठी कुठे घालायची? पानाच्या तळाशी, लहान आणि फिकट अक्षरांत, किंवा शेवटी एकत्र. शेजारी शेजारी सारख्याच आकारात दोन भाषा दिल्या की मराठीभाषक शिक्षक सरळ मराठीच वाचतो. मी स्वतः मागच्या बाकावर बसून हे पाहिलंय. मेळघाटातल्या धारणीसारख्या ठिकाणी तर बाजारात हिंदी, शाळेत मराठी आणि घरी कोरकू, त्यामुळे शिक्षकाला जी सोपी ती भाषा निवडायला फक्त निमित्त हवं असतं.

तयार चित्रं किंवा गोष्टी घेणार असाल तर ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेच्या ‘स्टोरीव्हीवर’ या संकेतस्थळावर शोधा. २०१५पासून तिथल्या गोष्टी श्रेयनिर्देशाच्या खुल्या परवान्यावर आहेत, म्हणजे भाषांतर करा, बदला, छापा, पण लेखक-चित्रकाराचं नाव आणि परवाना छापलाच पाहिजे. अंतिम फाइलमध्ये मंत्र्यांचा संदेश आणि चार बोधचिन्हं घालताना श्रेयाची ओळ कापली जाते. ती शेवटच्या क्षणी पुन्हा तपासा.

६. तपासणी: आधी कानानं, मग डोळ्यानं

इथे घाई केली तर आधीचं सगळं वाया. नवीन लोकांना वाटतं की तपासणी म्हणजे मसुदा चार जणांना ईमेल करणं. मुकाट्यानं वाचणाऱ्याला फक्त शुद्धलेखन दिसतं. भाषा ऐकावी लागते. म्हणून क्रम असा ठेवा.

पहिली फेरी, म्हातारी माणसं. जिला वाचता येत नाही अशी एक आजी आणि एक आजोबा बसवा. तरुणानं मोठ्यांदा वाचायचं. कुठे त्यांचा चेहरा बदलतो ते बघा. ‘बरोबर आहे का?’ असं विचारू नका, लोक पाहुण्यांना नाही म्हणत नाहीत. ‘तुम्ही हे कसं सांगाल?’ असं विचारा. ते दोघं जे म्हणतील ते जसंच्या तसं लिहा.

दुसरी फेरी, मुलं. पाच मुलांना गोष्ट वाचून दाखवा, पुस्तक मिटा आणि एकेकाला दुसऱ्या मुलाला ती सांगायला लावा. सांगताना मूल कोणता शब्द बदलतं याची नोंद म्हणजे तुमच्याकडे असलेला सर्वांत मौल्यवान अभिप्राय. ‘सकाळ’साठी आम्ही घातलेला शब्द पाचांपैकी चार मुलांनी न सांगता बदलला. तो शब्द चूक नव्हता, जुना होता. समितीतल्या एका जाणकारांना तो हवा होता, कारण ‘भाषा टिकली पाहिजे’. मी तो शब्द आजीच्या तोंडच्या संवादात नेला आणि निवेदनात मुलांचा शब्द घेतला. दोघंही खूश. सगळीकडे असं जमत नाही. नाही जमलं तर मुलांच्या बाजूनं उभं राहा.

तिसरी फेरी, सेविका. वाचायला अडखळते का, पान उलटायला हात कुठे येतो, मुलांकडे बघायला वेळ मिळतो का. मोठं पुस्तक खरंच मोठं असतं, एका हातात धरवत नाही. आमचं पहिलं असं होतं की सेविकाताई पुस्तकाच्या मागे पूर्ण दिसेनाशा झाल्या आणि मुलं त्यांना शोधायला लागली.

चौथी फेरी विषयाची: वयाला योग्य का, मुलगी फक्त पाणीच भरतेय का, अपंग मूल कुठे दिसतं का, वाघाला दुष्ट केलाय का. मेळघाटातल्या मुलासाठी वाघ ही कल्पना नसते, त्यामुळे ‘जंगलात जाऊ नको, वाघ खाईल’ हे वाक्य तिथे वेगळंच ऐकू येतं.

पाचवी आणि शेवटची फेरी शासकीय समितीची. तिच्यासाठी तुम्ही तीन स्तंभांचा तक्ता द्यायचा: मूळ वाक्य, शब्दशः मराठी, आणि सरळ मराठी. शब्दशः मराठीचा स्तंभ लोक टाळतात, वेडंवाकडं दिसतं म्हणून. पण भाषा न येणाऱ्या अधिकाऱ्याला वाक्य आतून बघायला तेवढीच एक खिडकी आहे. सोबत शब्दयादी जोडा आणि मराठीत अडचणीचे वाटतील असे शब्द स्वतःहून आधीच खुणा करून द्या. ‘कुला’ तिथे हवा होता.

कोरकू सेविकांसमोर हा प्रश्न ठेवला तेव्हा त्या आधी खूप हसल्या. मग त्यांतल्या ज्येष्ठ ताई म्हणाल्या, ‘वाघाचं नाव बदलायचं म्हणता, आणि आमच्या पोरांनी तुमच्या शब्दांना हसायचं ठरवलं तर?’ तक्त्यावर वाघ राहिला. सेविकांच्या हस्तपुस्तिकेत एक ओळ वाढली आणि पुढच्या प्रशिक्षणात मराठीभाषक ताईंचं हसणं सुरुवातीच्या पाच मिनिटांत होऊन गेलं.

स्वतः तपासणारे असाल तर तुमच्यासाठी तीन ओळी. अभिप्रायात पान क्रमांक, ओळ, काय बदलायचं आणि का, एवढं लिहा. ‘भाषा सुधारावी’ हा अभिप्राय नव्हे. आवड आणि चूक वेगळी दाखवा, ‘मला वाटतं’ आणि ‘हे चुकीचं आहे’ यांत फरक आहे. आणि भाषा येत नसेल तर तसं लिहा. त्यात कमीपणा नाही. उलट पुढच्या माणसाला कळतं की भाषेची जबाबदारी त्याच्यावर आहे.

७. बैठक आणि कागद

बैठकीत तोंडी मान्य झालेल्या गोष्टींना काही अर्थ नसतो. बैठक संपल्यावर त्याच दिवशी इतिवृत्ताचा मसुदा तुम्हीच करून पाठवा, सही त्यांची घ्या. प्रत्येक अभिप्राय, तो कोणाचा, त्यावर काय केलं, नाही केलं तर का, असा एक तक्ता ठेवा. सहा महिन्यांनी अधिकारी बदलतात आणि नवे साहेब नेमका तोच प्रश्न विचारतात. तेव्हा तो तक्ता काढून समोर ठेवायचा, आवाज चढवायचा नाही.

फाइलच्या नावात तारीख आणि आवृत्ती घाला. ‘अंतिम’, ‘अंतिम_नवीन’, ‘अंतिम_खरंच’ अशा फाइली सगळ्यांच्याच संगणकात असतात. एकदा छापखान्यात ‘अंतिम_नवीन’ गेली, ‘अंतिम_खरंच’ राहिली. आम्हीच पाठवली होती, त्यामुळे कोणाला बोलायची सोय नव्हती.

८. छपाई, वाटप, हिशेब

छपाई तुमच्याकडे असो की विभागाच्या निविदेतून होवो, कागदाचं वजन, पुठ्ठा, लॅमिनेशन लेखी ठरवा आणि एक डमी हातात घेऊन ती मुलाच्या हातात द्या. तीन वर्षांचं मूल पुस्तक वाचण्याआधी चावतं. पिना सैल नसाव्यात, कोपरे गोल असावेत. रंगीत प्रूफ मंजूर करताना त्यावर सही आणि तारीख घ्या.

वाटपाला ट्रकनं तालुक्याला गठ्ठे उतरवणं पुरेसं नाही. पर्यवेक्षिकांच्या मासिक बैठकीत प्रत्येक सेविकेच्या हातात संच द्या आणि तिथेच एक गोष्ट सगळ्यांकडून मोठ्यांदा वाचून घ्या. ज्या गठ्ठ्याची गाठ बैठकीत सुटत नाही, तो बहुतेक वेळा पत्र्याच्या पेटीतच राहतो, आणि पेटीत उंदीर असतात.

केंद्राच्या निधीचा हिशेब असेल तर उपयोगिता प्रमाणपत्राचा, म्हणजे निधी ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याच्या दाखल्याचा, नमुना जीएफआर १२-अ लागतो (जीएफआर म्हणजे केंद्राचे सामान्य वित्तीय नियम). तो आर्थिक वर्ष संपल्यावर शोधायला लागू नका, सुरुवातीलाच छापून फाइलला लावा. खर्चाची बिलं, हजेरीपट, संमतीपत्रं आणि अंगठ्याचे ठसे एका जागी ठेवा. गावातल्या लोकांच्या मानधनाच्या पावत्या लेखापरीक्षणात सर्वांत जास्त बघितल्या जातात.

शेवटी खुल्या, बदलता येणाऱ्या फाइली विभागाला देताना एक प्रत त्या गावच्या टायपिंग करणाऱ्या तरुणाकडेही द्या, पेनड्राइव्हवर, फॉन्टसकट. आमचा धारणीचा मुलगा आता स्वतःच पाऊस आणि बांबूच्या कोवळ्या कोंबांवर पुस्तक करतोय. परवा फोनवर विचारत होता, पहिल्या फेरीला आज्जी दोन चालतील का तीन लागतील.